साठातल्या नऊ जणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात बी.एस्सी.च्या साठ जागा आहेत. तिसरं सत्र संपेपर्यंत त्यातल्या नऊ जणी निघून गेल्या. संस्थेचं म्हणणं, प्रवेश देतानाच हुशार मुली घ्या. जुन्या शिक्षकांचं म्हणणं, आताच्या मुलींना कष्ट नकोत. नव्यानेच क्लास कोऑर्डिनेटर झालेल्या मॅडम विचारतात, पुढची तुकडी टिकावी म्हणून नेमकं काय करायचं?

मी सव्वीस वर्षं नर्सिंग शिकवते आहे. सुरुवातीची नऊ वर्षं जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या शाळेत, पुढे डिग्री कॉलेजात. गळतीवरच्या कितीतरी बैठकांना बसले. जवळजवळ प्रत्येक बैठक मुलींच्या स्वभावावर घसरते. ही हळवी होती, ती अभ्यासात कच्ची होती, तिसरीला घरच्यांनी ढकललं होतं. तुम्ही ती चर्चा बाजूला ठेवा आणि आधी हजेरीची रजिस्टरं काढा. नऊ जणींपैकी प्रत्येकीची शेवटची हजेरी कोणत्या तारखेची आहे ते एका कागदावर लिहा. प्रवेश रद्द केल्याची तारीख नको, ती दोन-तीन महिने उशिराची असते. मुलगी वर्गात किंवा वॉर्डात शेवटची दिसली ती तारीख हवी. मग त्याआधीच्या दहा दिवसांत कॉलेजात काय चाललं होतं ते शेजारी लिहा.

आम्ही दोघी सहकाऱ्यांनी पाच तुकड्यांसाठी हे केलं तेव्हा तारखा ठरावीक जागी गोळा झालेल्या निघाल्या. मेडिकल आणि आयुर्वेदच्या शेवटच्या प्रवेश फेऱ्या, दिवाळीची सुट्टी, पहिलं वॉर्ड पोस्टिंग, पहिल्या सत्राचा निकाल, आणि तिसऱ्या सत्राची सुरुवात. गळतीला वेळापत्रक असतं. माझं पुढचं सगळं म्हणणं यावरच उभं आहे, कारण दिवस माहीत असेल तर त्या दिवसाची तयारी करता येते.

‘हुशार मुली घ्या’ याचं उत्तर आधी देते. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात, 2022 पासून बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र सीईटी आहे. गुणवत्ता यादीतून जी येते ती येते, तुमच्या हातात निवड फारशी नाही. आणि माझ्या अनुभवात पहिल्या दोन महिन्यांत जाणाऱ्या मुलींमध्ये यादीत वरच्या असलेल्याच जास्त असतात. त्यांना बीएएमएस नाहीतर बीएचएमएसला जागा मिळते आणि त्या जातात. त्यांना अडवू नका. कागदपत्रं द्या, शुभेच्छा द्या, आणि गळतीच्या आकड्यातून त्यांना वेगळं काढा. काही कॉलेजं मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवतात आणि ‘चार वर्षांचे पैसे भरा, मग घेऊन जा’ म्हणतात. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच सांगितलं आहे. पण नियम नसता तरी मी हे करू दिलं नसतं. कपाटाच्या किल्लीने थांबलेली मुलगी रुग्णाच्या खाटेपाशी मनाने उभी राहत नाही, आणि तिची ती अवस्था सगळा वर्ग पाहत असतो.

खरी काळजी आहे ती त्या रिकाम्या जागेवर उशिरा येणाऱ्या मुलीची. ती सहा-आठ आठवडे उशिरा येते. ॲनाटॉमीत हाडं संपलेली असतात, लॅबमध्ये बेडमेकिंग होऊन गेलेलं असतं, मैत्रिणींचे गट पडलेले असतात, हॉस्टेलमध्ये तिला दाराजवळची खाट मिळते. आपण तिला सांगतो, ‘इतरांच्या वह्या घेऊन उतरवून काढ.’ आमच्या रजिस्टरात सगळ्यात वेगाने गळलेला गट हा होता. आता आम्ही उशिरा आलेल्या सगळ्यांना पहिले दोन आठवडे दुपारी चार ते साडेपाच वेगळं बसवतो. वह्या उतरवायला लावत नाही. लॅबमधली मागे पडलेली कौशल्यं हाताने करून घेतो, म्हणजे टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, बेडमेकिंग, हात धुण्याच्या पायऱ्या. पाठांतर नंतरही होतं. पण वॉर्डात सगळ्यांसमोर बीपीचा कफ उलटा बांधला गेला की तो दिवस ती विसरत नाही.

आता भाषा. आपल्या मुली अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून करतात हे कागदावर खरं आहे. त्यातल्या बहुतेकींनी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा गावच्या मराठी शाळेत शिक्षण घेतलेलं असतं आणि अकरावी-बारावी गाइडं पाठ करून काढलेली असते. पहिल्या सत्रात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन एकदम अंगावर येतं. मुलगी वर्गात मान डोलावते आणि रात्री एका पानाला तास लावते. आपण म्हणतो इंग्रजी कच्चं आहे. मी पूर्वी तेच म्हणायचे आणि इंग्रजी व्याकरणाचे जादा तास लावायचे. त्याचा काहीच उपयोग झाला नाही, कारण अडचण व्याकरणाची नव्हतीच. अडचण शब्दांची होती, आणि वैद्यकातले शब्द इंग्रजीसुद्धा नाहीत, ते ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे जोड आहेत.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात मी चाळीस तुकडे शिकवते, दुसरं काही नाही. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह. ‘एक्टोमी’ म्हणजे कापून काढणं. ‘ऑस्टोमी’ म्हणजे नवं तोंड करणं. ‘हेपॅट’ यकृत, ‘नेफ्र’ मूत्रपिंड, ‘कार्डि’ हृदय, ‘गॅस्ट्र’ जठर. सुरुवातीला ‘डिस्’ आलं की त्रास, ‘ए’ किंवा ‘ॲन’ आलं की नसणं, ‘हायपो’ कमी, ‘हायपर’ जास्त. मग फळ्यावर ‘नेफ्रेक्टोमी’ लिहायचं आणि विचारायचं, काय असेल? मागच्या बाकावरून ‘किडनी काढली’ असं उत्तर येतं तेव्हा वर्गाची हवा बदललेली मला दिसते. संधी-समास शिकलेल्या मुलींना शब्द फोडणं नवं नाही, आपण फक्त त्यांना सांगितलेलं नसतं की इथेही तेच करायचं आहे. जोडीला एक वही ठेवायला सांगते: डाव्या पानावर रुग्ण जे म्हणतो ते, उजव्या पानावर चार्टवर जे लिहायचं ते. ‘दम लागतोय’ समोर डिस्निया. ‘पायाला सूज’ समोर एडिमा. ‘लघवीला आग होते’ समोर डिसयुरिया. ‘जीव घाबराघुबरा होतोय’ समोर मात्र एकच शब्द लिहिता येत नाही, तिथे नाडी मोजावी लागते, श्वास मोजावे लागतात, घाम पाहावा लागतो, साखर तपासावी लागते. तिथून शिकवणं खरं सुरू होतं. ज्या मुलीला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते तीच वॉर्डात आजीशी तिच्या बोलीत बोलून दोन मिनिटांत सगळा इतिहास काढते. ते तिला सगळ्यांदेखत सांगा.

गणिताचंही असंच आहे. फार्माकॉलॉजीची धास्ती खरं तर भागाकाराची असते. पाचशे मिली सलाईन आठ तासांत द्यायचं, सेट एका मिलीला वीस थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस भागिले चारशे ऐंशी, म्हणजे साधारण एकवीस. हे फळ्यावर करू नका. लॅबमध्ये खरी बाटली टांगा, घड्याळ हातात द्या आणि चाकावर अंगठा ठेवून एकवीस थेंब जुळवायला सांगा. एकदा हाताने जुळलं की सूत्र आपोआप बसतं.

आता वॉर्ड. जेवढ्या मुली गेल्या त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींशी मी नंतर बोलले आहे. अभ्यास जमत नव्हता असं सुरुवातीला सगळ्या म्हणतात. अर्ध्या तासाने वॉर्डातली एखादी गोष्ट बाहेर येते.

सगळ्यात आधी सांगते ती गोष्ट साधी आहे, म्हणून कुणी लक्ष देत नाही. आमच्याकडे एका वर्षी पहिल्या पोस्टिंगला महिनाभरात पाच-सहा मुली चक्कर येऊन पडल्या. सगळ्यांनी ठरवलं, रक्त पाहून घाबरतात. दोघींनी तर घरी कळवलं की आमच्याच्याने हे होणार नाही. मग एका वॉर्डनबाईंनी सांगितलं की कॉलेजची बस साडेसहाला निघते आणि मेसमध्ये पोहे साडेसातला होतात. मुली आदल्या संध्याकाळी आठला जेवून सकाळी अकरापर्यंत उपाशीपोटी उभ्या होत्या. देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये 57 टक्के रक्तक्षयी आहेत असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं आहे, आपल्या मुली त्याच घरांतून येतात. मेस सहाला उघडली, प्रवेशाच्या वेळी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन केलं, कमी होतं त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चक्कर येणं जवळजवळ थांबलं. त्या दोघींपैकी एक राहिली. दुसरी गेली, आणि ती ‘नर्सिंग आपल्याला झेपत नाही’ हे मनात घेऊन गेली. तिला नर्सिंग झेपत होतं, तिला सकाळचा नाश्ता मिळत नव्हता.

तशीच दुसरी गोष्ट. विद्यार्थिनींना वॉर्डात बाथरूम कुठलं, पिण्याचं पाणी कुठे, पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला जागा कुठे? स्टाफचं बाथरूम कुलूपबंद असतं, किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे असते आणि ती मागायचं धैर्य पहिल्या सत्रातल्या मुलीत नसतं. मग मुली पाणीच पीत नाहीत. लघवीचा संसर्ग होतो, चार दिवस गैरहजेरी लागते. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. बुडालेली ड्युटी सुट्टीत भरायची, म्हणजे घरी जायचं राहिलं. एका किल्लीपासून सुरू झालेली गोष्ट कुठवर जाते पाहा. पोस्टिंग सुरू होण्याआधी तुम्ही स्वतः त्या वॉर्डात जा आणि हे तीन प्रश्न सोडवून या.

तिथे गेल्यावर इनचार्ज सिस्टरांशी अर्धा तास बसा. शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी हा भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात किती असतात हे तुम्ही जाणता. दोन सिस्टर चाळीस-पन्नास रुग्ण सांभाळत असताना वीस नवख्या मुली आत येतात तेव्हा तोंडून जे निघतं ते निघतं. मी त्यांना दोष देत नाही, पण मुलीच्या मनावर तो शब्द कोरला जातो. यावर आम्हाला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मराठीतलं एक पान: या तुकडीला काय येतं, काय अजून शिकवलेलं नाही, आणि या दोन आठवड्यांत काय शिकून जायचं आहे. सिस्टरांना ते पान दिलं की ‘अगं एवढंही येत नाही?’ हे वाक्य कमी ऐकू येतं. शिवाय वॉर्डातल्या दोन-तीन अनुभवी सिस्टरांना आमच्या ऑस्कीला, म्हणजे कौशल्यं प्रत्यक्ष करून दाखवायच्या परीक्षेला, परीक्षक म्हणून बोलावतो, मानधन देतो, मेट्रनबाईंकडे त्यांच्या नावाने आभाराचं पत्र पाठवतो. पुढच्या पोस्टिंगला त्याच सिस्टर मुलींना हाक मारून कॅथेटर दाखवायला बोलावतात.

विद्यार्थिनींना मनुष्यबळ म्हणून वापरणं हा वेगळा आजार आहे. ब्लड बँकेतून पिशवी आणणं, लॅबमध्ये नमुने पोहोचवणं, रजिस्टरं उतरवणं यात तिसऱ्या-चौथ्या सत्रातल्या मुलीचा सगळा दिवस जातो आणि तिला वाटतं, मी इथे निरोप्या आहे. यावर उपाय एकच: ट्यूटर वॉर्डात हवी. कॉलेजात बसून लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सह्या करणारी ट्यूटर नको. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर दाखवलेलं असतं, ते सकाळी सात वाजता वॉर्डात दिसलं पाहिजे. मुलांचीही एक अडचण आहे. ब्रदर म्हणून त्यांना प्रसूती वॉर्डाबाहेर बसवून ठेवतात आणि नंतर लॉगबुक रिकामं का म्हणून ओरडतात. त्यांच्यासाठी रुग्णाची संमती घेऊन, स्त्री कर्मचारी सोबत ठेवून कामाची वेळ आधीच ठरवून घ्या.

सुई टोचण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, आमच्या मुलीला वापरलेली सुई टोचली. तिने सांगितलं तेव्हा पहिला प्रतिसाद ओरडण्याचा होता. दुसऱ्या एका मुलीला नंतर टोचली तेव्हा तिने कुणालाच सांगितलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत मोबाइलवर एड्सबद्दल वाचत तीन रात्री काढल्या आणि चौथ्या दिवशी बॅग भरून गावी गेली. घरी काय सांगणार? पोट दुखतंय म्हणाली. आम्हाला दीड महिन्याने कळलं. आता पोस्टिंगच्या आधी प्रत्येक मुलीकडून तोंडपाठ करून घेतो: जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, आणि ट्यूटरला तात्काळ फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. हेपॅटायटिस बीच्या लशीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणून पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच द्या. आणि टोचलेल्या मुलीला उद्देशून पहिलं वाक्य काय असेल ते शिक्षकांनी आधी ठरवून ठेवा. आमचं ठरलेलं वाक्य आहे, ‘बरं झालं लगेच सांगितलंस, चल, मी येते.’

आणि पहिला मृत्यू. इथे चूक माझी आहे, म्हणून सविस्तर सांगते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मेडिकल वॉर्डातल्या आजी केस स्टडीला घेतल्या होत्या. हृदय निकामी होत चाललेलं, पायांना सूज. मुलगी आठ दिवस त्यांना पेज भरवत होती, वेणी घालत होती. नवव्या दिवशी सकाळी गेली तर खाटेवर धुतलेली चादर. कुणी सांगितलं नव्हतं. मी राउंडला आले, तिला मोकळ्या खाटेपाशी उभी पाहिलं आणि म्हणाले, ‘केस स्टडी अर्धवट राहिली का? मग अकरा नंबरचा पेशंट घे, सोमवारपर्यंत सबमिट कर.’ मला घाई होती, खाली दुसरी तुकडी वाट पाहत होती. ती मुलगी त्या सोमवारी आली नाही, नंतरही आली नाही. वडील कागदपत्रं न्यायला आले तेव्हा म्हणाले, ‘ती म्हणते, मी दगड व्हायला तिकडे जाणार नाही.’

त्यानंतर मी नियम केला आणि इतर शिक्षकांनाही करायला लावला. विद्यार्थिनीचा रुग्ण गेला की त्या दिवशी तिच्याशी पंधरा मिनिटं बसायचं, शक्यतो वॉर्डाबाहेर, चहा घेत. काय केलंस त्यांच्यासाठी, हे विचारायचं. केस स्टडी तीच पूर्ण करू द्यायची, मृत्यूपर्यंतची. मृतदेहाची शेवटची काळजी घ्यायची वेळ आली तर पहिल्या खेपेला शिक्षिकेने सोबत उभं राहायचं: डोळे कसे मिटायचे, हात कसे ठेवायचे, नातेवाइकांना आत कसं बोलवायचं. ज्या मुलींनी हे असं सोबतीने केलं त्यांच्यातली एकही त्या कारणाने गेलेली मला आठवत नाही. हे सगळं आपल्याला शिकवता येतं, फक्त आपण ते वेळापत्रकात घालत नाही. मन फारच खचलेलं दिसलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मराठीतही बोलतो, तो वॉर्डाच्या नोटीस बोर्डावर आणि हॉस्टेलच्या दारामागे लावून ठेवा. आणि लैंगिक छळाची तक्रार असेल, वॉर्डातल्या कुणाच्या तशा वागण्याची असेल, तर 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती, आणि रॅगिंगची असेल तर रॅगिंगविरोधी समिती, फक्त कागदावर असून चालणार नाही. त्यांतल्या एका तरी मॅडमचा चेहरा मुलींना ओळखीचा हवा.

पहिल्या सत्राच्या निकालाबद्दल. निकालाच्या दिवशी नापास मुलगी कॉलेजात राहत नाही, हॉस्टेलमधून सरळ स्टँडवर जाते. म्हणून आम्ही निकालाआधीच, चौथ्या आठवड्यात, वीस गुणांची एक छोटी चाचणी घेतो. तिचे गुण कुठेही धरत नाही. त्यात दहाच्या खाली असलेल्या मुली जवळजवळ त्याच असतात ज्या पुढे अडखळतात, आणि तेव्हा हाताशी अजून महिने असतात. नवा अभ्यासक्रम 2021-22 पासून सत्र पद्धतीने आला, आठ सत्रं. त्यात एक गोष्ट मुलींना कळत नाही आणि आपण नीट सांगत नाही. विषय राहिला तरी पुढच्या सत्रात बसता येतं, म्हणून मुलगी निवांत असते. पण पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी मागचे सगळे विषय सुटलेले लागतात. थिअरी किंवा प्रॅक्टिकल यातल्या एकात नापास झालं तरी दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. मग पहिल्या सत्रातली ॲनाटॉमी आणि चौथ्या सत्रातली फार्माकॉलॉजी एकदम समोर येतात आणि अडीच वर्षं काढलेली मुलगी तिथे अडकते. हे दुसऱ्या सत्रातच पालकांसमोर, मराठीत, फळ्यावर आकृती काढून सांगा. हेही सांगा की अभ्यासक्रम पूर्ण करायला एकूण आठ वर्षांची मुदत आहे, एक विषय राहिला म्हणजे सगळं संपलं नाही. बहुतेक घरांत ‘नापास’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो: परत ये, स्थळ पाहू.

पैशांचं काम मी क्लार्कवर सोडू नका म्हणेन. जुलै 2024 च्या शासन निर्णयानंतर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी आधीपासूनच्या योजना आहेत, वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी स्वाधार आणि स्वयम् या योजना आहेत. योजना आहेत, पण मुलगी अडकते ती उत्पन्नाच्या दाखल्यावर, नॉन-क्रिमिलेयरवर, जात वैधतेवर, आणि आधारला न जोडलेल्या बँक खात्यावर. वैधता वेळेत आली नाही तर राखीव जागेचा प्रवेशच धोक्यात येतो. पहिल्या महिन्यात एक शनिवार फक्त याला द्या. प्रत्येक मुलीचे कागद एकत्र तपासा आणि काय कमी आहे ते तिच्या वडिलांना फोनवर समजावून सांगा. शासनाचे पैसे उशिरा येतात म्हणून मुलीचं हॉल तिकीट अडवणं हा तर अन्याय आहे. संस्थेशी भांडायची वेळ आली तर यासाठी भांडा.

घराकडची कारणं तुमच्या भागात जास्त असतील. ऊसतोडीला आईवडील दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मागे म्हातारी आजी आणि दोन भावंडं. मोठी मुलगी नर्सिंगला आहे, तीच घरी थांबते. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला तरी ती येत नाही, आणि आपण ‘अनधिकृत गैरहजर’ असा शेरा मारतो. अशा मुली ऑगस्टमध्येच ओळखा. भावंडांची सोय आश्रमशाळेत, हंगामी वसतिगृहात, मावशीकडे कुठे होईल ते आधी बोलून ठेवा. दरवर्षी सगळ्यांचं जमत नाही. लग्नाचं म्हणाल तर मी वडिलांशी वाद घालत नाही. त्यांना रुग्णालयात बोलावते, गणवेशातली त्यांची मुलगी रुग्णाला इंजेक्शन देताना लांबून दाखवते आणि मग इंटर्नशिपपर्यंत थांबा एवढंच मागते. ऐकणारे वडील आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

तिसऱ्या सत्राबद्दल एक सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी सगळे जपतात: स्वागत, शपथविधी, दिवा हातात घेऊन फोटो. दुसऱ्या वर्षी नवी तुकडी येते आणि लक्ष तिकडे जातं, त्याच वेळी यांच्यावर पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि मेडिकल-सर्जिकलची लांब पोस्टिंग पडतात. ब्रिटनमध्ये 2018 साली नर्सिंगच्या गळतीवर मोठा सरकारी अहवाल निघाला, त्यातही दुसऱ्या वर्षीची घसरण ठळक दिसली. मेंटॉर पहिल्या वर्षानंतर बदलू नका. तीच मॅडम, तीच दहा मुली, चार वर्षं. आणि मेंटॉरचं काम एकच ठेवा: तीन दिवस सलग कुणी दिसली नाही तर चौथ्या दिवशी दुपारच्या आत फोन. व्हॉट्सॲपवर मेसेज नको, फोन. आमच्याकडे मेंटॉरच्या जाडजूड फाइली होत्या, त्यांत सह्या होत्या, समुपदेशनाचे नमुने होते. त्या बंद करून हा एक नियम ठेवला आणि त्याने जास्त मुली थांबल्या.

तुमच्या नऊ जणींकडे परत येते. तारखांची यादी केलीत की त्यात दोन-तीन मुली अशा निघतील ज्यांनी प्रवेश अजून रद्द केलेला नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला त्यांच्या नोंदणीबद्दल विचारून घ्या आणि पुढचं सत्र सुरू होण्याआधी फोन करा. संध्याकाळी सातनंतर करा, तेव्हा आई घरी असते. का सोडलंस असं विचारू नका, त्याचं उत्तर तिने घरच्यांना इतक्यांदा दिलेलं असतं की तुम्हालाही तेच मिळेल. तिचं लॉगबुक आधी शोधून ठेवा, तिच्या पूर्ण झालेल्या प्रोसिजर मोजा आणि फोनवर तेवढंच सांगा: तुझ्या एवढ्या प्रोसिजर सही होऊन माझ्याकडे आहेत, पुढचं पोस्टिंग सोमवारपासून आहे, पहिले दोन आठवडे मी स्वतः त्या वॉर्डात आहे.